पलंगाखालचे डबे
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मला विषय दिलाय पुराव्याचा. वनहक्क कायद्याची कलमं काल सांगून झाली, नियम सांगून झाले, फॉर्म कसा भरायचा तेही झालं. तेच मी परत सांगितलं तर मागच्या ओळीतली माणसं झोपतील. आत्ताच दोघे डुलक्या घेतायत, मला दिसतायत. म्हणून मी आज एका म्हातारीविषयी बोलणार आहे. ती आपल्या देशातली नाही, अमेरिकेतली. पण आदिवासी. तिथल्या मोहिगन जमातीची. नाव जरा अवघड आहे, ग्लॅडिस टँटाक्विजन. आडनावाचा अर्थ भरभर जाणारा असा सांगतात. आपण तिला ग्लॅडिसआजी म्हणू. १८९९ साली जन्मली आणि २००५ साली गेली. म्हंजे १०६ वर्षं जगली. आपला वनहक्क कायदा ज्या तारखेवर अडकून बसलाय ना, १३ डिसेंबर २००५, त्याच्या दीड महिना आधी ती गेली.

मला ही कशी माहीत? संघटनेला मदत करणाऱ्या एका ताईनं तिच्यावरचं एक पुस्तक झेरॉक्स करून दिलं. पुस्तक लिहिलंय तिच्याच घरातल्या मुलीनं, मेलिसा फॉसेटनं. ती आजीची नात लागते. बारावीचं इंग्रजी किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. डिक्शनरी मांडीवर घेऊन सगळा पावसाळा मी ते वाचत होते. एकेका पानाला दोन दोन दिवस. पण वाचलं.

ही आजी काय होती? दोन गोष्टी होती. पहिली, ती मानववंशशास्त्रज्ञ होती. हा शब्द तुम्ही ऐकला नसेल, पण ही माणसं तुम्ही पाहिली आहेत. वही घेऊन पाड्यावर येतात, लग्न कसं लावता, देव कुठला, मेल्यावर काय करता, भगत काय काय बोलतो, सगळं विचारतात, फोटो काढतात, जातात. मग पुस्तक होतं. ते पुस्तक आपल्याकडं कधी येत नाही. दुसरी गोष्ट, ती म्युझियमची प्रमुख होती. म्युझियम म्हंजे संग्रहालय. पुण्याला आदिवासी संशोधन संस्थेचं आहे. बोहाड्याचे मुखवटे, तारपा, टोपल्या तिथं काचेच्या मागं ठेवल्यात. आपल्या घरात जी वस्तू चुलीपाशी पडलेली असते ती तिथं दिव्याखाली असते आणि खाली चिठ्ठी असते. चिठ्ठीवर जमातीचं नाव असतं. माणसाचं नसतं.

आता अमेरिकेत या दोन धंद्यांनी आदिवासींचं काय केलं ते एका गोष्टीवरून सांगते. कॅलिफोर्नियात १९११ साली एक माणूस एकटाच जंगलातून बाहेर आला. त्याची सगळी माणसं गोऱ्यांनी मारून टाकली होती किंवा उपाशी मेली होती. त्याला इशी म्हणायचे, ते काही त्याचं खरं नाव नव्हे. इशी म्हंजे त्यांच्या बोलीत नुसतं माणूस. विद्यापीठाच्या क्रोबर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये नेऊन ठेवलं. तिथं तो झाडलोट करायचा, आणि लोक येऊन त्याला बाण करताना बघायचे. जिवंत माणूस म्युझियममध्ये. १९१६ साली टीबीनं मेला. त्याच्या मेंदूची डबी वॉशिंग्टनला पाठवली. ती परत त्याच्या नात्यागोत्याच्या जमातींना मिळाली २००० साली. चौऱ्याऐंशी वर्षांनी. क्रोबर काही वाईट माणूस नव्हता, इशी त्याला मित्र मानायचा असं लिहिलंय. तरी झालं ते असं झालं.

मग आमची ग्लॅडिसआजी याच धंद्यात गेली. का गेली आणि तिथं जाऊन तिनं काय केलं, ते ऐका.

आधी तिच्या लोकांचं. मोहिगन हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे, कनेक्टिकट राज्यातले. तिथं टेम्स नावाची नदी आहे, तिच्या काठचे. इंग्रज आले ते आधी याच भागात. आपल्याकडं सावकार, पारशी, जमीनदार आले आणि अंगठ्यावर जमिनी गेल्या, तसंच तिथं झालं. मोहिगनांचा प्रमुख होता अंकस. त्याच्या नावे करार झाले. इंग्रजांच्यातलाच एक मेसन नावाचा माणूस त्यांच्या जमिनीचा राखणदार झाला, आणि मग जमीन वसाहतीनं घ्यायला सुरुवात केली. मोहिगनांनी केस केली. कुठं केली? इंग्लंडच्या राणीकडं. १७०५ साली राणीच्या आयोगानं निकाल दिला, जमीन मोहिगनांची. झालं का काम? नाही झालं. सरकारनं अपील केलं. अपिलावर अपील. १७७३ साली शेवटचा निकाल लागला, तो मोहिगनांच्या विरोधात. जवळजवळ सत्तर वर्षं केस चालली. आपले लोक म्हणतात तारखेवर तारीख, तर बघा, ही बिमारी जुनी आहे.

पुढं १८६१ साली उरलेली जमीन घराघराला तोडून वाटली, आणि १८७२ साली राज्यानं सांगितलं आता तुम्ही सगळे नागरिक, आता राखीव गाव बिव काही नाही. ऐकायला चांगलं वाटतं. नागरिक झालात, अभिनंदन. पण जमीन घराघराच्या नावावर झाली की एकेकाला गाठून घेता येते. सामायिक असली तर सगळ्यांना विचारावं लागतं. तशी ती गेली. जमातीच्या सामायिक हातात राहिली ती एका टेकडीवरच्या चर्चची जागा. तेवढीच. १८३१ सालचं ते चर्च. आता तुम्ही म्हणाल आदिवासी आणि चर्च कसं? त्यात मी जात नाही. एवढंच बघा, की चर्चच्या नावानं का होईना, लोक एका जागी जमत राहिले. चर्चच्या खर्चासाठी बाया दर वर्षी मक्याच्या सणाचा मेळा भरवायच्या. त्याला विगवॉम म्हणतात. तिथं मक्याचं जेवण करायचे, टोपल्या विकायचे, आणि जमातीची बैठकही तिथंच व्हायची. बाहेरच्याला वाटायचं मेळा आहे.

या बायांच्यात ग्लॅडिस वाढली. तिला शिकवणाऱ्या तीन आज्या होत्या. एक तिची आजी लिडिया, एक एम्मा बेकर, एक मर्सी ॲन. त्यांच्याकडून झाडपाला शिकली. कुठल्या आजाराला कुठली मुळी, कधी खणायची, खणायच्या आधी काय म्हणायचं. आपल्याकडं वैदू आणि सुईणी शिकवतात तसं, पोर बरोबर हिंडते आणि बघते. लहानपणीच तिला या कामासाठी निवडलं होतं. चौथी एक म्हातारी होती फिडेलिया फील्डिंग. मोहिगन बोली चांगली बोलणारी ती शेवटची. १९०८ साली ती गेली, तेव्हा ग्लॅडिस नऊ वर्षांची होती. बोली तिच्याबरोबर गेली. शाळेत बोली बोलल्यावर मार बसायचा, म्हणून आयांनी पोरांना शिकवलीच नव्हती. आपल्या आश्रमशाळांतली पोरं सुट्टीत घरी येऊन आजीशी प्रमाण मराठीत बोलतात आणि आजी नुसती हसते, हे मी माझ्याच घरात बघते. नऊ आणि नव्वद यांच्यामध्ये एवढंसं अंतर असतं.

फिडेलियाकडं एक तरुण गोरा यायचा, फ्रँक स्पेक. मानववंशशास्त्राचा विद्यार्थी. तिच्याकडून बोली शिकला, लिहून घेतली. पुढं तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्यानं १९१९ साली ग्लॅडिसला तिथं शिकायला नेलं. वीस वर्षांची पोर, आदिवासी, त्या काळात. आपल्यातल्या किती मुली आज जिल्ह्याच्या गावाला कॉलेजात जातात ते मोजा, मग कळेल. म्हंजे ज्यांच्याविषयी वहीत लिहायचं त्यांच्यातलीच एक आता वही घेऊन बसली.

तिनं काय काम केलं? आपल्या जमातीचं तर केलंच, आसपासच्या जमातींकडंही गेली. वांपानोआग, नँटिकोक, वर कॅनडात नास्कापी. सगळ्यात मोठं काम डेलावेअर लोकांच्या औषधांचं. हे डेलावेअर म्हंजे लेनापे, मूळचे पूर्वेचे, हाकलत हाकलत पार ओक्लाहोमात नेऊन टाकलेले. त्यांच्या विटापानोक्सवे नावाच्या वैदूबरोबर बसून तिनं झाडपाला, आजार, समजुती लिहून घेतल्या. १९४२ साली त्याचं पुस्तक निघालं. अजूनही वापरतात म्हणे.

इथं मला एक प्रश्न पडतो, तो मी मांडते. औषध लिहून छापलं की ते सगळ्या जगाचं झालं. कंपनीवालाही वाचतो. आपले भगत मुळी सांगत नाहीत ते यासाठीच. ग्लॅडिसआजीनं हे कसं ठरवलं असेल काय लिहायचं आणि काय ठेवायचं? ती स्वतः वैदू होती, त्यामुळं काही तरी तिनं मागं ठेवलंच असणार असं मला वाटतं. पण लेनापे लोक मरत होते, तुटत होते, पोरं विसरत होती. न लिहिलेलं मातीत जातं, लिहिलेलं दुसऱ्याच्या हातात जातं. याचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही. संध्याकाळी गटात बोलू.

१९३१ साल. अमेरिकेत तेव्हा मोठी मंदी होती, कारखाने बंद, लोक भाकरीसाठी रांगेत. अशा वेळी ग्लॅडिसच्या वडिलांनी, जॉन त्यांचं नाव, आणि भाऊ हॅरॉल्ड यानं काय ठरवावं? म्युझियम बांधायचं. वडील कुबड्यांवर चालणारे, एका डोळ्यानं दिसत नव्हतं. बाप-लेकानं शेतातले, माळावरचे दगड गोळा केले आणि घराशेजारी टेकडीवर एक दगडी खोली बांधली. सरकारचं अनुदान नाही, ट्रस्ट नाही. आत काय ठेवलं? वडिलांनी स्वतः कोरलेले लाकडी वाडगे, चमचे. ओक आणि अॅश झाडाच्या पट्ट्यांच्या विणलेल्या टोपल्या. जुन्या माणसांनी वापरलेली भांडी, मण्यांचं काम. आणि आजीला इतर जमातींनी दिलेल्या वस्तू. आदिवासींनी स्वतःच्या मालकीचं, स्वतः चालवलेलं अमेरिकेतलं सगळ्यात जुनं म्युझियम हेच, असं सांगतात. आजही ते आहे, टँटाक्विजन म्युझियम नावानं.

फरक लक्षात घ्या. पुण्याच्या काचेच्या पेटीतली टोपली विणणारा कोण, हे चिठ्ठीवर नाही. इथं टोपली दाखवणारीच सांगणार, ही माझ्या अमक्या आजीची, ही विणताना तिचं बोट कापलं होतं. (बोटाचं मी माझ्या मनानं घातलं, पण असंच सांगत असणार.) हॅरॉल्ड बाहेर पोरांना जुन्या पद्धतीची झोपडी कशी बांधायची, जंगलात कसं राहायचं ते शिकवायचा. आणि बघायला कोण यायचं? गोऱ्यांच्या शाळेतली पोरं. वर्गच्या वर्ग. त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असायचं की मोहिगन संपले. तिथं एक गाजलेली कादंबरी आहे, तिच्या नावातच शेवटचा मोहिकन असं आहे. ती वाचून आलेल्या पोरांना जिवंत मोहिगन बाई दारात उभी राहून म्हणायची, या, आत या. ज्याची आपल्याला नीट ओळख झाली त्याचा द्वेष करणं अवघड जातं, असं ते भाऊ-बहीण मानायचे. मोर्चात घोषणा देतो आपण, त्या द्यायलाच हव्यात. पण बाजाराच्या गावातल्या शाळेतलं एक पोर तरी कधी आपल्या पाड्यावर येऊन बसलंय का?

म्युझियम बांधलं, पण पोट कसं भरायचं? १९३४ ला ग्लॅडिसला सरकारी नोकरी लागली, आदिवासी खात्यात. आता हे खातं म्हंजे कोण? ज्यानं आदिवासी पोरांना आईपासून तोडून बोर्डिंगात टाकलं, केस कापले, बोली बंद केली, सूर्याचा नाच गुन्हा ठरवला, तेच. त्या काळात तिथं नवा प्रमुख आला होता, कॉलिअर नावाचा, त्यानं ही बंदी उठवली. तरी खातं तेच. आपल्यातले काही जण म्हणतील, गेली सरकारात, विकली गेली. मी ही गोष्ट एका पाड्यावर सांगितली तेव्हा एक बाबा तसं म्हणालेही. मी त्यांना म्हटलं, पुढं ऐका.

ती साउथ डकोटात यँक्टन लोकांच्यात गेली. दुष्काळ होता, धुळीची वादळं होती, लोक फार हलाखीत. तिथं तिनं घरोघर फिरून काम केलं, दवाखाना, शाळा, धान्य. मग १९३८ पासून आदिवासी कलांच्या सरकारी मंडळात गेली आणि १९४७ पर्यंत डकोटा, मोंटाना, वायोमिंग अशा मोठ्या मुलखात हिंडली. कोणाला साळिंदराच्या काट्यांचं विणकाम येतं, कोणाला मण्यांचं, शोधायचं, म्हाताऱ्यांना पोरींना शिकवायला बसवायचं, सहकारी संस्था करून माल रास्त भावानं विकायचा. १९३५ साली तिथं कायदाच झाला होता की आदिवासीनं न केलेली वस्तू आदिवासीची म्हणून विकली तर शिक्षा. आपली वारली चित्रं मुंबईच्या दुकानात चादरींवर, कपांवर छापलेली बघतो आपण. कुणी छापली, पैसे कुणाला? असा कायदा आपल्याकडं मागायला काय हरकत आहे. हे जरा विषयाबाहेर गेलं, पण कार्यकारिणीनं टिपून घ्यावं.

त्या बाबांचा सवाल मात्र राहतोच. सरकारी पगारात राहून तिनं सरकारनं मोडलेलं परत जोडायचं काम केलं, हे मला पटतं. पण ती १९४७ ला परत आली, तिथंच राहिली नाही, हे मला जास्त पटतं. मोठी शहरं, मोठी म्युझियमं तिला नाही म्हणाली नसती. ती आली ती टेकडीवरच्या दगडी खोलीत. काही काळ राज्याच्या बायकांच्या तुरुंगात ग्रंथपालाचं कामही केलं. बाकी जन्म सगळा त्या खोलीत. १९९८ पर्यंत, म्हंजे पन्नास वर्षं. नव्याण्णव वयापर्यंत दारात उभी राहून दाखवत होती. लग्न केलं नाही. वडील १९४९ ला गेले, भाऊ पुढं जमातीचा प्रमुख झाला, १९८९ ला तोही गेला.

आता मी जिथं यायचं होतं तिथं आले.

अमेरिकेत आदिवासी असून चालत नाही, केंद्र सरकारनं जमात म्हणून मान्य करावं लागतं. जशी आपल्याकडं यादी. त्या यादीत नाव नसेल तर जमीन नाही, हक्क नाही, तुमच्या पंचायतीला किंमत नाही. मोहिगनांचं नाव नव्हतं. १९७८ साली मान्यतेची रीत ठरली, सात अटी घातल्या. मोहिगनांनी अर्ज केला. सिद्ध काय करायचं? आम्ही जुन्या काळापासून आजपर्यंत एक जमात म्हणून एकत्र आहोत, आमच्यात संबंध आहेत, आमचे पुढारी आहेत, मध्ये खंड नाही. सांगा बरं, हे कसं सिद्ध करायचं? आपण एक आहोत हे आपल्याला माहीत असतं. लग्नाला कोण येतं, मयताला कोण खांदा देतं, यावरून माहीत असतं. त्याचा सातबारा नसतो.

१९८९ साली सरकारनं पहिला निर्णय दिला. नकार. जुन्या काळाचे कागद होते, राणीची केस होती, अंकसचे करार होते. पण अलीकडच्या काळात, १९४० नंतर, तुम्ही एक समाज म्हणून राहता याचा पुरावा पुरत नाही. गंमत बघा. तीनशे वर्षांपूर्वीचे कागद गोऱ्यांनी लिहिलेले, ते मिळाले. काल-परवाचं जगणं आपलं आपण जगलेलं, ते कुणी लिहिलेलं नाही, म्हणून ते नाहीच.

कुणी लिहिलेलं नाही असं सरकारला वाटत होतं. म्हातारीच्या पलंगाखाली डबे होते. प्लॅस्टिकचे, झाकणाचे, आपण खाऊ ठेवतो तसले. त्यात तिनं इतक्या वर्षांचा पत्रव्यवहार जपून ठेवला होता. कुणाच्या घरी पोर झालं. कोण शाळा पास झालं. कुणाचं लग्न, कोण मेलं. लांब कामाला गेलेली मोहिगन माणसं म्युझियमच्या आजीला कळवत राहिली आणि आजीनं एक कागद टाकला नाही. वरनं बघितलं तर म्हातारीची रद्दी. पण जमात म्हंजे दुसरं काय असतं? जन्म, लग्न, मरण एकमेकांना कळवणारी माणसं. ते डबे उघडले, कागद लावले, सरकारपुढं ठेवले. १९९४ च्या मार्चमध्ये मान्यता मिळाली. आजी तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची. दोन वर्षं आधी जमातीनं तिला रीतसर आपली वैदूबाई नेमलं होतं.

आता पुढचंही सांगते, कारण नुसती गोड गोष्ट सांगून मी बसणार नाही. अमेरिकेत १७९० पासून कायदा होता की केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय आदिवासींची जमीन घेता येत नाही. आपल्या महसूल कायद्यात ३६ आणि ३६ अ आहे ना, त्यातलाच प्रकार. त्याच्या जोरावर मोहिगनांनी राज्याविरुद्ध जमिनीचा दावा लावला होता. मान्यता मिळाली त्याच वर्षी तडजोड झाली, आणि बाकी जमिनीवरचे जुने दावे कायमचे सोडून द्यावे लागले. मिळाली ती २४० एकर, तीही एका अणुइंधनाच्या जुन्या कारखान्याची जागा. आणि तिथं त्यांनी काय उभं केलं? जुगाराचं मोठं केंद्र. कसिनो. १९९६ ला सुरू झालं. त्या पैशातून म्हाताऱ्यांना घरं, पोरांना शिक्षण, दवाखाना झाला, खरं आहे. शँटॉक म्हणून त्यांची जुनी दफनभूमी आहे, राज्यानं तिचं पार्क केलं होतं, ती परत घेता आली. पण आपल्या पाड्यातल्या बाया दारूचे गुत्ते आणि मटक्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या आहेत, त्यांना मी जुगाराचं कौतुक सांगू शकत नाही. दगडी म्युझियम आणि ते केंद्र एकमेकांपासून फार लांब नाहीत. आजीला ते बघून काय वाटत असेल, मी पुस्तकात शोधत होते.

आता आपलं. २००८ च्या जानेवारीपासून नियम लागू झालेत. नियम १३ वाचा, कालच्या कागदात शेवटून दुसरं पान. पुराव्यात काय चालतं? सरकारी कागद चालतात, गॅझेट, नकाशे, गुन्ह्याच्या नोंदी. ते आपल्याकडं थोडे असतात. पण घर, खोपटं, घातलेला बांध, सपाट केलेली जमीन, हेही चालतं. वंशावळ चालते. मसणवट, देवाची जागा चालते. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब, दावेदार सोडून दुसऱ्याचा, लिहून घेतलेला, तो चालतो. कायद्यात आहे. मी मनाचं सांगत नाही. जमातीच्या चालीरीती, वापर यावर जाणत्या संस्थांनी केलेला अभ्यासही चालतो, म्हंजे ते वहीवाले लोक जे लिहून गेले ते आता त्यांच्याकडून परत मागायचं. आणि एकच एक पुरावा पाहिजे असं कोणी अडवू शकत नाही, दोन प्रकारचे जोडा.

एका साहेबानं मला विचारलं होतं, तुमच्या आजोबांपासून कसता म्हणता, पावती आहे का? आजोबांनी दंड भरला होता, तीन वेळा. पावत्या कणगीत ठेवल्या होत्या, वाळवीनं खाल्ल्या. दंड घेणाऱ्यानं आपली बाजू लिहून ठेवली असेलच की कुठं तरी. माहितीच्या अधिकारात ती मागता येते. पण आजी आहे. ती सांगते, तिसऱ्या दंडाच्या साली तुझा मोठा काका पोटात होता. काकाचा शाळेचा दाखला आहे. जुळलं की नाही साल? असा पुरावा प्रत्येक घरात आहे, फक्त तो कागदावर नाही, आणि ज्यांच्या तोंडात आहे ती माणसं रोज एक एक जातायत. मागल्या थंडीत आमच्याच पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या गेल्या. त्यातली एक धवलेरी होती. चार गावांची लग्नं तिनं लावलेली. कुणाचं लग्न कुठल्या जागेवर, कुठल्या मांडवात लागलं, तिला सगळं पाठ. तेवढ्यानंच किती घरांची वस्ती सिद्ध झाली असती.

म्हणून कामाचं सांगते आणि थांबते. चहा झाल्यावर पाड्यापाड्याचे गट बसतील. प्रत्येक गटात एक लिहिणारी पोर आणि एक म्हातारं माणूस पाहिजेच. वहीत पहिलं पान वंशावळीला, पाच पिढ्या होत असतील तर पाच. मग पाड्यात कोण कुठून आलं, कधी, पहिलं घर कुठं होतं, चूल कुठं होती. मग गावदेव, वाघदेव, मसणवट, पाणवठा, कुठल्या झाडाखाली काय. मग जन्म, लग्न, मयत, ज्याला जसं आठवतं तसं, साल आठवत नसेल तर दुष्काळ, पूर, निवडणूक, संप यावरून लावा. म्हातारं माणूस बोलेल तसंच लिहा, आपल्या बोलीत, शुद्ध करायला जाऊ नका. खाली अंगठा, आणि ऐकणाऱ्या दोघांच्या सह्या.

दंडाच्या, मतदारयादीच्या, रेशनकार्डाच्या, कसल्याही जुन्या चिटोऱ्या उद्या घेऊन या. मूळ कागद कोणालाही द्यायचा नाही, मलाही नाही, फक्त झेरॉक्स. घरी ठेवताना कणगीत ठेवू नका, वाळवी आहे, उंदीर आहेत. बाजारात झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे मिळतात, एका पाड्याला एक घ्या, वर्गणी काढून. डबा कुणाच्या घरात राहील ते ग्रामसभेत ठरवा आणि ठरावात लिहा. शक्यतो अशा बाईच्या घरात ठेवा जी काही टाकत नाही. प्रत्येक पाड्यात अशी एक असते, तिची सून तिच्यावर वैतागलेली असते.

ज्यांच्याकडं पेन नाहीत त्यांनी माझ्याकडून घ्या. दहाच आहेत, परत द्या.

जोहार. जिंदाबाद.